पियानो‘ही’ वाजवणारा गायक?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या नाताळ पुरवणीत अमेरिकेचे जॅझ कलावंत नॅट किंग कोल यांच्यावर एक छोटे टिपण आले होते. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर डिसेंबरात कोणत्याही दुकानात शिरावे आणि ज्यांचा आवाज कानी पडावा, त्या कलावंताची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी असे आपल्याला वाटले, याबद्दल प्रथम आभार. टिपणात चूक म्हणावी असे फारसे काही नव्हते. एका वाक्यात मात्र असे म्हटले होते की, कोल हे मखमली आवाजाचे गायक होते आणि ते पियानोही वाजवत असत. या वाक्यातील बाकी सारे शब्द खरे आहेत, त्यातला ‘ही’ तेवढा खोटा आहे, आणि त्या एका अक्षरासाठी मी हे पत्र लिहीत आहे. ते वाचकांच्या पत्रव्यवहारात बसेल त्याहून लांबले आहे, याची कल्पना मला आहे.

मी फोंडा तालुक्यातील एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालो. त्याआधी, त्या काळात आणि त्यानंतरही पेटीची साथ हाच माझा खरा धंदा राहिला. देवळांतले भजनी सप्ताह, जत्रेतली नाटके आणि अधूनमधून एखादी खासगी बैठक, एवढीच त्याची व्याप्ती. जॅझचा मी अभ्यासक नव्हे. कोल यांच्याशी माझी गाठ पडली ती आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यामुळे. ते हळदोण्याचे, आणि त्यांचे एक काका तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये वाजवत असत. एका पावसाळी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो असता दिवाणखान्यात काकांचा जुना पियानो पाहिला. दमट हवेने आतले नमदे कुजू नयेत म्हणून त्याच्या पोटात विजेचा एक लहान दिवा दिवसरात्र जळत ठेवलेला होता आणि फटींतून त्याचा पिवळा उजेड जमिनीवर पडत होता. त्या पियानोशेजारच्या तबकडीयंत्रावर त्यांनी कोल यांचे एक जुने गाणे लावले. गाणे संपल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की गायक उत्तम आहे, पण मागे पियानोवर कोण आहे? सहकारी हसून म्हणाले, ‘अहो मास्तर, तोच!’

मला ते खरे वाटेना. त्याचे कारण गाण्यापेक्षा माझ्या पेशात होते. स्वतः वाजवत गाणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. गोव्यातल्या कोणत्याही भजनात बुवा पेटी पुढ्यात घेऊनच बसतात, आणि त्यांचा गळा जिकडे जाईल तिकडे त्यांची बोटे जातात, कारण त्या पेटीचे काम सावलीचे असते. या गाण्यात पियानो गळ्याच्या मागे नव्हता. गायक ओळ संपवून श्वास घेई त्या फटीत तो येई, दोन सूर बोलून गप्प होई, आणि पुढची ओळ चालू झाली की असा बाजूला सरे की जणू दुसराच कोणी जाणता माणूस तिथे बसला आहे. आपल्या गाण्याला आपणच प्रश्न विचारावा आणि आपणच उत्तर द्यावे, तसे ते होते. पर्वतचे लयभास्कर खाप्रुमामा एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा आणि तोंडाने तिसऱ्याच लयीचे बोल धरत असत, असे आमचे गुरुजी सांगत. ते ऐकताना जे वाटायचे तेच त्या दुपारी वाटले, की माणूस एक आहे आणि आत तीन जण बसले आहेत.

तेव्हापासून मी जमेल तसे कोल ऐकत आणि त्यांच्याविषयी वाचत आलो, आणि माझे मत असे झाले की, त्यांची कारकीर्द ही मुळात एका पहिल्या प्रतीच्या पियानोवादकाची कारकीर्द आहे, जिला पुढे त्याच माणसाच्या गळ्याने झाकून टाकले.

नॅथनिएल अ‍ॅडम्स कोल्स यांचा जन्म १७ मार्च १९१९ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे झाला आणि त्यांच्या लहानपणीच कुटुंब शिकागोला गेले. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आई पर्लिना चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे आणि मुलाला पहिले धडे तिनेच दिले. इगर्जीच्या शाळेत मेस्ताच्या, म्हणजे संगीतमास्तरांच्या, छडीखाली सोलफा (पाश्चात्त्य सरगम) घोकून व्हायोलिन हाती घेतलेल्या आपल्या गोमंतकीय वादकांना हे बालपण परके वाटणार नाही. शिकागोत त्या वेळी अर्ल हाइन्स यांच्या पियानोचा दबदबा होता आणि कोवळ्या वयातल्या कोल यांनी आदर्श मानला तो त्यांचा, कोणा गायकाचा नव्हे. १९३६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बासवादक थोरल्या भावाच्या संचात त्यांनी पहिले ध्वनिमुद्रण केले, तेही पियानोवादक म्हणूनच. पुढे एका संगीतिकेच्या फिरत्या कंपनीबरोबर ते निघाले आणि ती कंपनी १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीचला बुडाली. मुक्कामी नाटक कंपनी बुडाली की ऑर्गनवाल्याचे काय होते, हे आपल्या संगीत नाटकाच्या इतिहासात वाचायला मिळते. कोल परत गेले नाहीत. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या दारूच्या गुत्त्यांत मिळेल त्या पियानोवर वाजवू लागले.

त्याच वर्षी त्यांनी जो संच उभा केला त्याला तोपर्यंत फारसा पूर्वाधार नव्हता. पियानोवर ते स्वतः, गिटारवर ऑस्कर मूर आणि बासवर वेस्ली प्रिन्स, ड्रम नाहीत. ठरलेला ड्रमवादक आलाच नाही म्हणून तिघांवर भागवावे लागले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पंधरा-सोळा वादकांच्या भव्य बँडचा तो काळ होता आणि त्यात तिघांनी लय सांभाळून उभे राहणे म्हणजे पखवाज-तबल्याशिवाय भजन रंगवण्यासारखे होते. इथे कोल यांच्या डाव्या हाताविषयी लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. त्यांच्या आधीचे अनेक पियानोवादक डाव्या हाताने खालचे सूर आणि वरचे स्वरसमूह आलटून पालटून उड्या मारत वाजवत आणि त्या एका हातातच सगळा ताल भरत. कोल यांनी तो हात मोकळा केला. ताल गिटार आणि बास सांभाळत आहेत, मग आपण तेच पुन्हा कशाला वाजवायचे, असा तो हिशेब. त्यांचा डावा हात एखाद्या मात्रेवर नेमका पडतो आणि बराच वेळ पडतच नाही. कधी दोन्ही हात एकमेकांना कुलूप लावल्यासारखे जवळ आणून ते सुरावट आणि तिच्याखालचे स्वर एकदमच सरकवतात. आम्हा पेटीवाल्यांचा डावा हात जन्मभर भात्याला बांधलेला असतो आणि जे काही सांगायचे ते उजव्यानेच सांगावे लागते. ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत त्याने त्यातला एक राखून ठेवावा, यातली श्रीमंती म्हणूनच आम्हाला चटकन कळते.

ही मांडणी इतकी पटली की १९४३ मध्ये आर्ट टेटमसारख्या पियानोच्या बादशहाने पियानो, गिटार आणि बास असाच संच बांधला आणि पुढे ऑस्कर पीटरसन यांनीही काही वर्षे तीच रचना ठेवली. रे चार्ल्स यांनी तर आपण सुरुवातीला कोल यांची नक्कल करत होतो हे उघड मान्य केले आहे. ज्याचे अनुकरण अशा माणसांनी केले, त्याच्याविषयी ‘पियानोही वाजवत असत’ असे लिहिणे म्हणजे बोरीचे पेटीवादक पं. तुळशीदास बोरकर थोर थोर गायकांच्या मैफलींना हजर ‘ही’ असत, असे लिहिण्यासारखे झाले.

कोल गाऊ लागले कसे, याची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. एका दारुड्या गिऱ्हाइकाने हट्ट धरला आणि त्यांना गाणे भाग पडले, अशी ती गोष्ट. स्वतः कोल यांनी नंतर सांगितले होते की तसे काही झाले नव्हते, कार्यक्रमात बदल म्हणून ते अधूनमधून गातच असत, गोष्ट ऐकायला बरी वाटते म्हणून त्यांनी ती तशीच चालू दिली. मला हा खुलासा गोष्टीपेक्षा अधिक आवडतो, कारण त्यात एक मुरलेला धंदेवाईक कलावंत दिसतो. पहिले मोठे यशही असेच घरच्या ऐवजातून आले. वडील प्रवचनात गिधाड आणि माकडाची एक लोककथा सांगत, तिच्यावर कोल यांनी गाणे रचले, अडचणीच्या काळात त्याचे हक्क पन्नास डॉलरना विकून टाकले आणि १९४३ च्या अखेरीस कॅपिटल या नव्या कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित केले. कीर्तनातले आख्यान उचलून मुलाने त्याचे पद करावे आणि ते गावभर व्हावे, पण पैसे भलत्याच्याच खिशात जावेत, असा तो प्रकार झाला.

तरीही १९४३ ते १९४७ ही वर्षे मी पियानोची वर्षे मानतो. या काळात त्यांच्या संचाने रशियन संगीतकार रखमानिनॉफ यांच्या सी शार्प मायनरमधील प्रिल्यूड या प्रसिद्ध पियानोरचनेवर आपली करामत ध्वनिमुद्रित केली. २ जुलै १९४४ रोजी लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक सभागृहात जॅझची जी ऐतिहासिक मैफल झाली तीत सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅके आणि गिटारवादक लेस पॉल यांच्याबरोबर ते वाजवायला बसले होते. २४ मार्च १९४५ रोजी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने खपाच्या क्रमाने अल्बमांची यादी प्रथमच छापली, तेव्हा तिच्यात पहिल्या जागी किंग कोल ट्रायो, म्हणजे त्यांचा हाच तिघांचा संच, होता. आणि १९४६ मध्ये लेस्टर यंग यांचा सॅक्सोफोन, बडी रिच यांचे ड्रम आणि कोल यांचा पियानो अशा तिघांनी जी ध्वनिमुद्रणे केली, ती ऐकून कोणीही सांगावे की हा माणूस कोण होता. मात्र त्या तबकड्यांवर कोल यांचे नाव नाही. कॅपिटलशी करार असल्यामुळे तिथे ‘एय गाय’ असे टोपणनाव छापले गेले. ज्या जागी ते निव्वळ पियानोवादक होते त्याच जागी त्यांचे नाव नसावे, या योगायोगाचे मला अजूनही हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

आता आपल्या पुरवणीला निमित्त झालेल्या नाताळच्या गाण्याकडे, ‘द ख्रिसमस साँग’कडे, येतो. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी ते १९४५ च्या ऐन उन्हाळ्यात, उकाड्याने जीव नकोसा झाला असताना लिहिले. थंडीचे वर्णन करून तरी गारवा वाटेल, असा त्यात विनोद होता. आपल्याकडे नाताळातही घामाच्या धारा लागतात, तेव्हा हे गाणे गोव्यात इतके रुळले यात नवल नाही. कोल यांनी ते एकदा नव्हे, चार वेळा ध्वनिमुद्रित केले. १९४६ च्या जूनमध्ये फक्त त्यांच्या संचाने, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तंतुवाद्ये जोडून, नंतर १९५३ मध्ये, आणि शेवटी १९६१ मध्ये राल्फ कारमायकल यांच्या मोठ्या वाद्यवृंदासह. आज दुकानांत वाजते ते या चौथ्या खेपेचे. मी ही चारही एकामागून एक ऐकली आहेत आणि वाचकांनीही एखाद्या संध्याकाळी तसे करावे. पहिल्यात गाणारा माणूस हाताच्या अंतरावर बसलेला आहे आणि पियानो, गिटार यांची कुजबुज शब्दांइतकीच ऐकू येते. दुसऱ्यात व्हायोलिनांचा पडदा मागे लागला आहे. चौथ्यात आवाज मुरून खोल झालेला, वाद्यवृंद दिवाळीच्या आराशीसारखा पसरलेला, आणि गाण्यातली ती कुजबुज संपलेली. पंधरा वर्षांतला सगळा प्रवास त्या चार ध्वनिमुद्रणांत आहे.

१९४८ मध्ये तंतुवाद्यांच्या साथीने गायलेल्या एका संथ गाण्याने ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, १९५० मध्ये आणखी एका गाण्याने तेच झाले, आणि पुढच्या काही वर्षांत ट्रायोचे नाव मागे पडून फलकावर एकट्याचे नाव उरले. पियानोच्या बाकावरून उठून कोल माइकसमोर उभे राहिले. त्यांनी कला विकली, असे म्हणणारे जॅझचे कडवे टीकाकार तेव्हाही होते आणि आजही आहेत. मी त्यांच्यातला नव्हे. बाजार पैसे मोजतो ते गळ्याचे, हे साथीदाराइतके कोणाला कळणार? पेटीला तर आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके उंबरठ्याबाहेर ठेवले होते, तेव्हा वाद्याच्या नशिबाची आम्हाला सवय आहे. शिवाय उभे राहून गाणाऱ्या कोल यांच्या गाण्यातही पियानोवादकच बोलतो, असे मला वाटते. शब्द किंचित उशिरा टाकणे, ओळीच्या शेवटी सूर न ताणता सोडून देणे, मधली जागा रिकामी ठेवायला न घाबरणे हे सारे त्या राखून ठेवलेल्या डाव्या हाताचे संस्कार आहेत. केवळ गळ्याचा धनी असता तर त्याने त्या जागा ताना मारून भरल्या असत्या.

लोकप्रियतेने त्यांना पैसा दिला, पण जागा दिली नाही. १९४८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, तेव्हा इथे अनिष्ट लोक नकोत असे रहिवाशांनी कळवले. मलाही ते नकोतच, कोणी येताना दिसले तर पहिली तक्रार मीच करीन, असे उत्तर कोल यांनी दिले. १९५६ हे एकच वर्ष घेतले तरी हा विरोध डोळ्यांसमोर येतो. १० एप्रिल रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे केवळ गोऱ्या श्रोत्यांपुढे कार्यक्रम चालू असताना काही वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून त्यांना खाली पाडले आणि पियानोच्या बाकावर आदळून त्यांच्या पाठीला मार लागला. ज्या राज्यात ते जन्मले तेच हे राज्य, आणि त्यांच्या जन्मगावी, मॉन्टगोमेरीत, तेव्हा बसवरचा बहिष्कार चालू होता. त्या रात्री कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीचा दुसरा खेळ त्यांनी पार पाडला. विभागलेल्या सभागृहांत गातोच कशाला, असा जाब त्यांना नंतर त्यांच्याच समाजातून विचारला गेला आणि तो जाब अगदी अनाठायी नव्हता. नोव्हेंबरात एनबीसी वाहिनीवर त्यांच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. एला फिट्झगेराल्ड, पेगी ली, हॅरी बेलाफॉन्टे असे कलावंत त्यात येऊन गेले. पण देशभरासाठी एकही मोठा जाहिरातदार मिळेना आणि १७ डिसेंबर १९५७ रोजी त्यांनी तो थांबवला. जाहिरात कंपन्यांच्या त्या रस्त्याचे नाव घेऊन कोल म्हणाले की, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला अंधाराची भीती वाटते.

बर्मिंगहॅमचा हल्ला आणि या कार्यक्रमाची सुरुवात यांच्या मध्ये, १९५६ च्याच ऑगस्ट-सप्टेंबरात, त्यांनी एक अल्बम ध्वनिमुद्रित केला, ‘आफ्टर मिडनाइट’. मोठा वाद्यवृंद नाही, व्हायोलिनांचा पडदा नाही. आपला छोटा संच, जोडीला एका वेळी एखादा पाहुणा वादक, आणि पियानोवर पुन्हा स्वतः. त्यातले एक गाणे त्यांनी १९४० मध्ये, एकविसाव्या वर्षी, पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले होते. सोळा वर्षांनी ते पुन्हा गाताना त्यांनी लय सैल सोडली आहे, आणि कडवे संपल्यावर पियानो जो शिरतो तो आपल्या जुन्या घरात शिरावा तसा, दिवा न लावता. मी पेटीवर ती जागा काढायचा अनेकदा प्रयत्न केला. सूर सापडतात, त्यांच्यामधले थांबणे सापडत नाही.

शेवटच्या वर्षांचे मला फारसे सांगायचे नाही. १९५८ मध्ये स्पॅनिश गाण्यांचा आणि १९५९ मध्ये रिओ दि जानेरोला स्पॅनिशबरोबर काही पोर्तुगीज गाण्यांचाही अल्बम त्यांनी केला. या भाषा त्यांना येत नव्हत्या, शब्द उच्चारांवरून पाठ केलेले होते. माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांचे सारे शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेले होते. ती पोर्तुगीज गाणी लागली की ते डोळे मिटून ऐकत आणि मध्येच एखाद्या उच्चाराला खुदकन हसत, एवढे मला आठवते. कोल सिगारेटी भरमसाट ओढत. त्यामुळेच आवाजाला खर्ज येतो असा त्यांचा समज होता म्हणतात. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ फेब्रुवारी १९६५ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्याच वर्षी ऑस्कर पीटरसन यांनी त्यांच्या स्मरणार्थ जो अल्बम केला त्यात ते पियानो वाजवून थांबले नाहीत, स्वतः गायले. एका पियानोवादकाने दुसऱ्याला वाहिलेली ही श्रद्धांजली मला फार बोलकी वाटते. १९९१ मध्ये कन्या नॅटली यांनी यंत्राच्या मदतीने वडिलांच्या जुन्या आवाजाला आपला आवाज जोडला आणि ते गाणे जगभर गाजले. पुन्हा गळ्याला गळाच जोडला गेला, बोटे मागेच राहिली. गाणे छान आहे, माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती आपल्या सवयीबद्दल. हळदोण्याचेच आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, सी. रामचंद्र यांच्याबरोबर होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना रेइश मागूशचे सॅबेस्टियन डिसोझा करत. ती गाणी पाठ असलेल्या किती गोमंतकीयांना ही दोन नावे ठाऊक आहेत? आणि इतके लांब तरी कशाला जायचे? काही वर्षांपूर्वी एका उत्सवात मी तीन तास साथ केली. दुसऱ्या आठवड्यात एका वृत्तपत्रात, आपल्या नव्हे, बातमी आली. तीत गायक होते, अध्यक्ष होते, समई कोणी लावली तेही होते. पेटी आणि तबला नव्हते. चौकशी केली तेव्हा संबंधितांनी सौजन्याने सांगितले की, ‘संवादिनीवर अमुक व तबल्यावर तमुक यांनी साथ केली’ ही ओळ नेहमीच बातमीच्या शेवटी असते आणि जागा कमी पडली की शेवटूनच कापतात. त्यांचे म्हणणे खरे होते. मराठी बातमीत ती ओळ शेवटीच असते. ती थोडी वर घ्यायला काही हरकत आहे का, एवढेच मला आपणास विचारायचे आहे.

आणि पुरवणीत पुढेमागे कोल यांच्याविषयी पुन्हा काही छापायचा योग आला, तर त्या १९५६ च्या अल्बमवर त्यांच्याबरोबर कोण बसले होते तेही छापावे. गिटारवर जॉन कॉलिन्स, बासवर चार्ली हॅरिस आणि ड्रमवर ली यंग. पाहुण्यांत ट्रम्पेटवर हॅरी एडिसन, आल्टो सॅक्सोफोनवर विली स्मिथ, ट्रॉम्बोनवर हुआन तिझोल आणि व्हायोलिनवर स्टफ स्मिथ. जागेअभावी माझे हे पत्र कापावे लागले, तर कृपया वरून कापावे.

आपला,
एक निवृत्त संगीतशिक्षक
फोंडा, गोवा